विनाशिकेवर 300 माणसे कशाला?

प्रश्न: माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘विशाखापट्टणम’ विनाशिकेवर सुमारे 300 जण असतात. इंजिनापासून रडारपर्यंत सगळे पडद्यावर चालत असताना शंभरात का भागू नये?

उत्तर: समुद्र शांत आणि यंत्रे धड असली तर पाळ्या कमी माणसांतही लागतात. खरी गरज कळते ती आग लागल्यावर. जळणाऱ्या कक्षाला सहा बाजू असतात: चार भिंती, वरचा डेक, खालचा डेक. नोझलवाला आणि होज ओढणारे आत शिरतात, तेव्हा या सगळ्या बाजूंचे पोलाद बाहेरून थंड ठेवावे लागते, नाहीतर पलीकडचा रंग आणि केबल पेट घेतात. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा कष्टाच्या कामात अर्धा तास पुरली तरी पुष्कळ, म्हणून दुसरी तुकडी तयार हवी आणि तिच्यामागे तिसरी. विझवायला मारलेले पाणी वरच्या डेकवर साचले की जहाज कलते. ते उपसणारे वेगळे. शिवाय जखमींना हलवणे, बंद पडलेल्या पंपापर्यंत वीज ओढणे. स्वयंचलित यंत्रणेवर इथे विसंबता येत नाही, कारण क्षेपणास्त्र तिचे पाइप आणि केबलच तोडते. 1987 मध्ये पर्शियन आखातात अमेरिकेच्या ‘स्टार्क’ या युद्धनौकेवर दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रे आदळली, 37 जण गेले. जहाज वाचले, कारण आगीशी झुंजायला माणसे उरली होती.

प्रश्न: माणसे कमी केली तर निदान पैसे तरी वाचतात ना?

उत्तर: पगाराचे वाचतात. गंज खरवडणे, फिल्टर बदलणे, गळती शोधणे ही रोजची कामे मात्र तुंबतात आणि पुढे गोदीत महागात पडतात. माणसे कमी केलेल्या जहाजांचा देखभालखर्च वाढला, असे अमेरिकी संसदेच्या ‘जीएओ’ या लेखापरीक्षण संस्थेने 2017 मध्ये नोंदवले. ‘लिटोरल कॉम्बॅट शिप’ या अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ लढणाऱ्या छोट्या युद्धनौकांवर मुळात 40 जणांचा ताफा ठरला होता. 2013 च्या सिंगापूर मोहिमेत त्यांतल्या ‘फ्रीडम’वर तो 50 केला, तरी खलाशांना आठ तासांऐवजी सरासरी सहाच तास झोप मिळाली. 2016 मध्ये आकडा 70 वर न्यावा लागला.

प्रश्न: मग आकडा ठरवावा कसा?

उत्तर: पाळ्यांवरून ठरवू नये. लढाईची ठाणी भरलेली ठेवून आग आणि पाणी एकाच वेळी आवरायला किती जण लागतील, ते आधी मोजावे. त्यात बदली तुकड्या धराव्यात, मग रजा, आजारपण आणि प्रशिक्षणासाठी किनाऱ्यावर असलेल्यांची भर घालावी. अनुभवाचा हिशेब वेगळा ठेवावा. नॉर्वेची ‘हेल्गे इंगस्टाड’ फ्रिगेट 2018 मध्ये तेलवाहू जहाजावर आदळून बुडाली तेव्हा तिच्यावर 137 जण होते. पण नौदलात पात्र नौकानयन अधिकाऱ्यांचा तुटवडा असल्याने वॉचवरच्या (जहाज हाकण्याच्या पाळीवरच्या) अधिकाऱ्यांना पूर्वीपेक्षा लवकर पात्र ठरवले जात होते, असे चौकशीत दिसले. जहाज सोडताना दारे आणि हॅचही नीट बंद केली नव्हती.