कॉन्व्हेंट, कपेल आणि एक फाटका झगा

प्रश्न असा आला आहे: जुन्या गोव्यातल्या सांता मोनिकाला कॉन्व्हेंट म्हणतात, म्हणजे तिथे इंग्रजी शाळा होती का? आणि तिथल्या ‘रडणाऱ्या क्रुसा’च्या जागेला चर्च न म्हणता चॅपल का म्हणायचं?

शाळेचा अर्थ आपण मराठीत चिकटवला. ख्रिस्ती जोगिणींनी, म्हणजे नन्सनी, चालवलेल्या शाळांना लोक कॉन्व्हेंट म्हणू लागले आणि पुढे ज्या शाळेत औषधालाही जोगीण नाही, तीही कॉन्व्हेंट झाली. मूळ लॅटिन ‘कोन्वेन्तुस’ म्हणजे एकत्र येणं, मेळावा. पोर्तुगीज ‘कोन्व्हेंतु’ पुरुषांच्या मठालाही चालतो. जुन्या गोव्यातच फ्रान्सिस्कन साधूंचं कॉन्व्हेंट होतं. सांता मोनिका मात्र जोगिणींचंच. १६०६ मध्ये पाया, १६२७ मध्ये काम पुरं, १६३६ मध्ये आग, मग पुन्हा बांधणी. पोर्तुगालने १८३४ मध्ये धार्मिक संघ बंद केले. इथल्या जोगिणींना राहू दिलं, पण नव्या घेता येईनात. शेवटची १८८५ मध्ये वारली आणि ‘मेळावा’ संपला. नाव तेवढं उरलं.

आता चॅपल. गोव्यात याला कपेल म्हणतात, पोर्तुगीज ‘कपेला’वरून. मुळात हा शब्द वास्तूचा नाहीच, कपड्याचा आहे! फ्रान्समधल्या तूरच्या संत मार्टिनने थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा फाडून दिला, अशी कथा आहे. उरलेला तुकडा फ्रँक राजांनी पवित्र वस्तू म्हणून जपला. लॅटिनमध्ये ‘कापेल्ला’ म्हणजे छोटा झगा. तो जिथे ठेवला त्या जागेला तेच नाव पडलं, त्याची राखण करणारे धर्मगुरू झाले चॅप्लन. पुढे कुठल्याही छोट्या प्रार्थनास्थळाला हा शब्द लागू झाला.

गंमत अशी की गोव्यातला ‘इगर्ज’ हा चर्चसाठीचा शब्द ग्रीक ‘एक्लेसिया’पर्यंत जातो, आणि त्याचाही अर्थ सभाच. म्हणजे इगर्ज आणि कॉन्व्हेंट ही दोन्ही नावं माणसांच्या जमण्यावरून पडली, कपेल तेवढं फाटक्या झग्यावरून.

वापरात फरक सोपा आहे. सहसा इगर्जीला गावचा पॅरिश, म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा परिसर, जोडलेला असतो. कपेल त्या पॅरिशमधल्या एखाद्या वाड्याचं, घराचं, मठाचं, किंवा मोठ्या इगर्जीच्याच पोटातलं. आकारावर जाऊ नका. सांता मोनिकात तर दोन्ही आहेत: मठाची स्वतःची इगर्ज, जिथे आता ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, आणि क्रुसाचं कपेल. १६३६ मध्ये त्या क्रुसावरच्या येशूने डोळे उघडले आणि जखमांतून रक्त आलं, अशी श्रद्धा आहे. तेव्हा ‘रडणाऱ्या क्रुसाचं कपेल’ असंच लिहा. ‘चर्च’ लिहिलंत तर वाचणारा शेजारच्या दारात जाऊन उभा राहील.