लहान मुलांना इन्फेक्शननंतर स्ट्रोक येऊ शकतो का? की लसीमुळे येतो?

हो, इन्फेक्शननंतर येऊ शकतो. आणि लसीमुळे नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण तुमच्या प्रश्नातलं ते शेवटचं वाक्य वाचूनच मी लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की पाच वर्षांच्या भाचीला सर्दी-तापानंतर डाव्या अंगाला पॅरालिसिस झाला, एमआरआयमध्ये स्ट्रोक निघाला आणि घरातले म्हणतायत महिन्यापूर्वीच्या लसीच्या बूस्टर डोसनेच झालं. हे असलं बोलणं आमच्या घरात मी अजून ऐकतेय.

माझ्या मुलाला झालं तेव्हा तो पहिलीत होता. २०१८ च्या नोव्हेंबरअखेर गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली होती, शाळाशाळांतून इंजेक्शनं देत होते, व्हॉट्सॲपवर वाट्टेल ते फिरत होतं आणि निम्म्या पालकांनी त्या दिवशी पोरं घरीच ठेवली. मी फॉर्मवर सही केली. त्यानंतर जानेवारीत आमच्या अख्ख्या आळीत कांजिण्या आल्या, ह्यालाही आल्या, खपल्या पडल्या, पोरगा बरा होऊन शाळेत जायला लागला, आम्ही विसरूनही गेलो. आणि रंगपंचमीनंतर एका सकाळी दुधाचा ग्लास उचलायला गेला तर हातातून निसटला, परत दिला तर परत निसटला, बोलायला गेला तर शब्द जड येत होते आणि तोंड एका बाजूला ओढलेलं.

सासूबाई म्हणाल्या अंगावरून वारं गेलं, तेल गरम करा. मोठे भाऊजी म्हणाले शेजारच्या गावात एक जण पॅरालिसिसवर झाडपाल्याचं औषध देतो, आत्ता नेऊ. मी म्हटलं आधी दवाखाना. तालुक्याला सिटी स्कॅन केला, तो क्लिअर आला, आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की झोपेत फिट येऊन गेली असेल, उद्यापर्यंत हात येईल. आता फिटनंतर हात काही वेळ लुळा पडतो हे खरंय, पण सुरुवातीच्या तासांत सिटीमध्ये स्ट्रोक बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआय लागतो, आणि हे डॉक्टर माणसाला माहीत नको? मुलांना स्ट्रोक येतच नाही असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं, त्यातच वेळ जातो. आम्ही रात्रीच गाडी करून पुण्याला नेलं.

तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी रिपोर्ट बघून पहिला प्रश्न काय विचारला माहितीये? गेल्या वर्षभरात कांजिण्या येऊन गेल्या का. मी चाटच पडले. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी एका ठिकाणी अरुंद झाली होती. त्यांनी समजावलं की कांजिण्यांचा व्हायरस अंगावरचे फोड गेले तरी नसांच्या मुळाशी दबून राहतो, तिथून नसेवाटे मेंदूच्या रक्तवाहिनीच्या भिंतीपर्यंत पोचू शकतो, भिंत सुजते, आतली वाट बारीक होते, त्यात गुठळी झाली की पुढचा भाग उपाशी. म्हणूनच ते आठवड्यांनी, महिन्यांनी होतं आणि कोणी दोन गोष्टी जोडून बघत नाही. ब्रिटनमधल्या अभ्यासात कांजिण्यांनंतरच्या सहा महिन्यांत मुलांना स्ट्रोकचा धोका साधारण चौपट निघालाय. पाठीतलं पाणी काढलं, टीबीच्याही तपासण्या केल्या, कारण आपल्याकडे टीबीचा मेंदूज्वर हे मुलांच्या स्ट्रोकचं मोठं कारण आहे. भाचीची ती तपासणी झाली का ते विचारून घ्या.

तर हे सगळं चालू असताना वॉर्डात, आजूबाजूच्या पेशंटांसमोर, भाऊजींनी मला विचारलं, "त्या इंजेक्शनच्या कागदावर सही कोणी केली होती?" डॉक्टरांनी कांजिण्या सांगितलं तरी ते आजही प्रत्येक लग्नात, बारशाला हेच सांगतात की शाळेतल्या इंजेक्शनने पोराचा हात गेला. अहो, ते इंजेक्शन गोवर-रुबेलाचं होतं. कांजिण्यांची लस वेगळी, ती आमच्या वेळी सरकारी यादीत नव्हतीच, खाजगीत पैसे भरून घ्यावी लागायची आणि तालुक्यात आम्हाला ती कोणी सुचवलीही नाही.

आणि लसीचं म्हणाल तर ह्यावर थेट अभ्यास झालाय. २०१५ मध्ये आलेला, नऊ देशांतला, स्ट्रोक आलेली ३५५ मुलं आणि जवळपास तेवढीच न आलेली. स्ट्रोकच्या आधीच्या आठवड्यात साधं सर्दी-तापासारखं इन्फेक्शन झालेली मुलं स्ट्रोकवाल्यांत १८ टक्के, दुसऱ्या गटात ३ टक्के. आणि ज्यांच्या लसी अर्धवट होत्या किंवा झाल्याच नव्हत्या त्यांना धोका सगळ्या किंवा बहुतेक लसी झालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त, सातपटीच्या आसपास. हे तुमच्या घरातल्यांना वाचून दाखवा. टीबीच्या मेंदूज्वरापासून लहान मुलांना वाचवायलाच तर जन्मल्यावर बीसीजी टोचतात, ती चालते, मग बूस्टरच कसा काय वाईट?

आता घाबरू नका हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणारी प्रत्येक आई पोराला शिंक आली की एमआरआयला पळेल. लाखो मुलांना ताप येतो, कांजिण्या येतात आणि काही होत नाही, मुलांमधला स्ट्रोक फार क्वचित होतो. इन्फेक्शन बऱ्याचदा नुसता धक्का देतं, मुळात हृदयाचा दोष, सिकलसेल म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, लोह कमी असणं असलं काहीतरी असू शकतं, त्यामुळे भाचीची टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि रक्ताच्या तपासण्या झाल्यात ना बघा. मी डॉक्टर नाही, तिच्या केसमध्ये नक्की कशामुळे हे तिचे डॉक्टरच सांगतील. ॲस्पिरिन चालू केली असेल तर मनाने बंद करायची नाही, पण फ्लू किंवा कांजिण्यांची शंका आली तर त्याच दिवशी फोन करून विचारायचं, कारण त्या आजारांत मुलांना ॲस्पिरिन धोक्याची ठरू शकते. फिजिओ रोज करा, कंटाळली तरी करा. माझा मुलगा आता उजव्या हाताने लिहितो, हळू लिहितो पण लिहितो.

आणि भाचीच्या आईला कोणी विचारत असेल ना की लस द्यायला कोणी सांगितलं होतं, तर तुम्ही मधे पडा. पुढची लस कधी द्यायची ते न्यूरॉलॉजिस्टना विचारून ठरवा आणि द्या. माझ्या धाकट्या मुलीच्या सगळ्या झाल्या, कांजिण्यांचे दोन्ही डोसही, आणि त्या कागदांवरही सही मीच केली.