जळतणाची वखार टाकायचीय, कटर किती इंची घेऊ आणि त्याची निगा कशी राखू?

तुम्ही लिहिलंय की कळंबजवळ रस्त्यालगत स्वतःची जागा आहे, जुना ट्रॅक्टर आहे, आणि आता 22 इंची पेट्रोल कटर (लाकूड कापायची चेनची मशीन) घ्यावा की विजेवरचा आरा, एवढंच ठरायचं राहिलंय. मी याच पट्ट्यात जळतण विकतो, म्हणून सांगतो: मशीनचं शेवटी बघा. या धंद्यात माणूस बुडतो तो ओल्या लाकडाच्या वजनात.

नुकतंच तोडलेलं लाकूड शंभर किलो असलं तर त्यात चाळीसेक किलो नुसतं पाणी असतं. गिऱ्हाइकाला लागतं वाळलेलं, साधारण वीस टक्के ओलीचं. म्हणजे काट्यावर 1 टन घेतलेला माल वाळून 750 किलो भरतो. समजा शेतकऱ्याला 3 रुपये किलोनं पैसे दिले, तर मजुरी, डिझेल, हमाली काही न धरता तुमचा भाव 4 रुपयांवर गेला. नवखा माणूस 3 वर हिशेब मांडतो आणि साडेतीनला विकून खूश होतो. माल घेताना दोन खांडकं एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं टणटणतं, ओलं धप्प वाजतं. कापलेल्या तोंडाला मधून बाहेर गेलेले तडे दिसले तर बरंच पाणी गेलंय समजा.

आधी गिऱ्हाईक कोण ते ठरवा. उज्ज्वला योजना 2016 ला आली, त्यानंतर घरगुती सरपण विकून पोट भरेल हा विचार सोडा. खेड्यात अजून चूल पेटते, पण तिला पऱ्हाट्या-तुराट्या घरच्याच असतात. आपलं गिऱ्हाईक म्हणजे खव्याच्या भट्ट्या (भूम, कुंथलगिरीकडं चांगला उठाव आहे), ढाबे, लग्नाचे आचारी आणि स्मशानभूमी. भट्टीवाल्याला बाभूळ हवी, कारण तिचा निखारा टिकतो. सुबाभूळ लवकर पेटते न् लवकर संपते, ती आचाऱ्याला चालते. वेडी बाभूळ सगळ्यांनाच चालते, पण काट्यामुळं तोडणारा मजूर दुप्पट कुरकुरतो, आणि त्याचं चुकतही नाही. ते काटे चपलेच्या आरपार जातात; बूट घेऊन द्या.

कायद्याचं थोडक्यात. आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी 1964 च्या कायद्यानं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. वाहतुकीचा पास कुठल्या जातीला लागतो ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. गायरानातली वेडी बाभूळ बेवारस दिसते, पण ती तुमची नाही. आरागिरणीला वनविभागाचा परवाना लागतो आणि नवा सहजी मिळत नाही, तेव्हा आरा डोक्यातून काढा. आणि कटर रात्री गाडीत घालून फिरू नका. आपल्याकडं चंदनचोरांमुळं लोक आधी ठोकतात, मग विचारतात.

आता कटर. जळतणाला 18 इंची पट्टी (जिच्या कडेनं चेन फिरते ती) भरपूर झाली. 22 इंचीत चेन लांब, ओढ जास्त, आणि स्वस्तातलं इंजिन बाभळीच्या बुंध्यात दमतं. खरी गोष्ट धारेची आहे. खाली पडणारा भुसा बघत जा: जाड ढलप्या पडतायत तोवर धार आहे; पिठासारखा बारीक पडू लागला की थांबा. दाबून कापत राहिलात तर पट्टी तापते, पेट्रोल जातं आणि मजुराचे खांदे धरतात. टाकी भरायला थांबलात की गोल कानस फिरवून घ्या. 18-20 इंचीच्या चेनला बहुधा 4.8 मिलिमीटरची लागते, तरी चेनच्या खोक्यावर बघून घ्या. दर दाताला दोन-तीन हात, 30 अंशात, आणि फक्त पुढं ढकलताना. मागं ओढलीत तर कानसच मरते. सगळे दात एकाच लांबीचे राहायला हवेत, नाहीतर काप एका अंगाला पळतो.

धार एका क्षणात घालवतो तो खिळा. बांधावरच्या झाडात काटेरी तारेचे तुकडे, रस्त्याकडेच्या झाडात पाट्यांचे खिळे असतातच. बाभळीत तर ते कळतात: लोखंडाभोवती लाकडावर निळा-काळा डाग उठतो. तो दिसला की वीतभर सरकून काप घ्या. ओंडक्याची माती आधी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं झाडून टाका, आपली काळी माती चेनला वाळूइतकीच वाईट.

पेट्रोलमध्ये मिसळायचं 2टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल: चांगल्या कंपनीचं असलं तर लिटरला 20 मिली, साधं असलं तर 40, मशीनच्या पुस्तकात असेल ते पाळा. चेनच्या तेलाच्या टाकीत ट्रॅक्टरचं वापरलेलं काळं तेल ओतणारे खूप आहेत. त्यातला लोखंडाचा कीस पंप खातो. तेल येतंय का बघायला पट्टीचं टोक वाळक्या ओंडक्यापुढं हातभर धरून रेस करा, तेलाची रेघ उठली पाहिजे. काम संपल्यावर गरम चेन ढिली करा, गार होताना ती आखडते. एअर फिल्टर रोज झटका. पट्टी मधूनमधून उलटी करून लावा, म्हणजे एकाच बाजूनं झिजत नाही. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात मशीन ठेवताना टाकी रिकामी करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. नाहीतर दिवाळीला कार्बोरेटरचा पडदा बदलावा लागेल.

पट्टीचं टोक कधी लाकडाला टेकवू नका, मशीन उसळून तोंडावर येते. मजुरालाही हे पहिल्याच दिवशी करून दाखवा.

भांडवल उरलं तर ते दुसऱ्या कटरात घालू नका, पत्र्याच्या शेडमध्ये घाला. मृगाच्या आधी वाळका माल आत गेला तर आषाढ-श्रावणात भट्टीवाले भाव न करता उचलतात. आचाऱ्यांना मात्र उधारी देताना निम्मे पैसे आधी घ्या, लग्नसराई संपली की ते फोन उचलत नाहीत.