सईद जाफरी इंग्लंडमध्ये खरंच मोठे नट होते का? इथे तर त्यांना पानवाला, सासरा असेच रोल मिळायचे.

होय, मोठे होते. पण तुमच्या प्रश्नातलं ‘पानवाला असेच रोल’ मला लागलं, म्हणून लिहितोय. माझे वडील पानवाले होते.

इस्लामपूरला एसटी स्टँडबाहेर अण्णांची टपरी होती. ‘चश्मेबद्दूर’ आम्ही शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. अण्णांना सिनेमाचं वेड अजिबात नाही. मला जेवायला बोलवायला आले आणि दारातच थबकले, कारण पडद्यावर सईद जाफरींचे पानवाले लल्लन मियां सिनेमातल्या तीन पोरांकडे सिगरेटची उधारी मागत होते. आत या म्हटलं तरी आले नाहीत. बोटांवर वाळलेला कात नखाने खरवडत शेवटपर्यंत उभ्यानेच बघितलं. घरी येताना एवढंच म्हणाले, "हा माणूस टपरीवर बसलेला आहे. गिऱ्हाईक तुटू नये आणि पैसेही यावेत, असं मागायला शिकण्यात वर्षं जातात."

अण्णांना काय माहीत, 1981 साली हा सिनेमा आला तेव्हा हा माणूस सोळा वर्षं लंडनकर होता! जन्म मलेरकोटल्याचा, 1929 चा. दिल्लीत रेडिओ आणि नाटक, मग अमेरिकेत नाट्यशिक्षण, तिथेच शेक्सपिअरच्या नाटकांचे दौरे, आणि 1965 मध्ये लंडन. तिथे बीबीसी रेडिओवर हिंदी, उर्दू, इंग्रजी, जे हाती येईल ते केलं. 1975 मध्ये हॉलिवूडचे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्या ‘द मॅन हू वुड बी किंग’ सिनेमात शॉन कॉनरी आणि मायकेल केन या बड्या नटांसमोर बिली फिश हे पात्र केलं. पुढे टीव्ही: ‘द ज्वेल इन द क्राउन’मध्ये नवाब, ‘तंदूरी नाइट्स’मध्ये हॉटेलमालक, 1999 मध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या तिथल्या घराघरांत चालणाऱ्या मालिकेत कोपऱ्यावरचा दुकानदार. म्हणजे तिथेही हिरो नाहीच. पण विक्रम सेठ यांची ‘अ सुटेबल बॉय’ ही कादंबरी रेडिओवर आली तेव्हा 86 पात्रांचे आवाज त्यांनी एकट्याने काढले. एका गळ्यातून 86 माणसं काढणाऱ्याला छोटा नट कसं म्हणायचं?

हाच वाद माझा आमच्या दाजींशी झालाय. राज्य नाट्य स्पर्धेला आमच्या संस्थेच्या नाटकात मी पोस्टमन होतो, वाक्यं दोन. दाजी भर पंगतीत म्हणाले, "दोन वाक्यांसाठी दोन महिने तालीम? त्यापेक्षा बापाच्या टपरीवर बस, चार पैसे तरी येतील." मी खाली मान घालून भात कालवत राहिलो. ताई समोर वाढत होती, म्हणून बोललो नाही. आज बोलतो. दाजी, त्या पोस्टमनसाठी मी आठ दिवस खऱ्या पोस्टमनच्या मागे सायकलवर फिरलो होतो. तार द्यायची असली की तो दारापासून चार पावलं लांब उभा राहायचा आणि आधी घरातल्या बाईचा चेहरा बघायचा. तसाच मी स्टेजवर उभा राहिलो. समोरच्या रांगेतली एक म्हातारी माझ्या पहिल्या वाक्याआधीच डोळ्याला पदर लावून बसली होती. तुम्ही त्या प्रयोगाला आला नव्हता.

आणि प्रश्न विचारणारे तुम्ही, तुम्हीही नाटकात काम करत असाल तर छोटा रोल सोडू नका, आणि घरच्यांना विचारून तर मुळीच सोडू नका.

एक सांगायचं राहिलं. जाफरींचं सगळंच काम चांगलं नव्हतं. नंतरच्या कितीतरी हिंदी सिनेमांत ते नुसतेच सासरे किंवा काका म्हणून उभे आहेत, ते मलाही बघवत नाहीत. पण सत्यजित रायांच्या ‘शतरंज के खिलाडी’तला मीर रोशन अली बघा. ब्रिटिश सरकारने 1995 मध्ये ओबीई हा तिथला सन्मान दिला. आपल्याकडची पद्मश्री मात्र 2016 मध्ये आली, ते गेल्यानंतर.

आणि ‘चश्मेबद्दूर’ परत लागला की उधारीच्या प्रसंगात डोळे मिटून नुसता आवाज ऐका. अण्णा टपरीवर अगदी तसंच मागायचे.