कथेतली वाक्यं आठवत नाहीत, पण त्यातलं घर-अंगण मात्र आठवतं. असं का?

तुम्ही विचारलंय की दोन दिवसांत कथेतलं एकही वाक्य आठवत नाही, तेव्हा स्मरणशक्ती कमी झाली का? मुळीच नाही. वाचताना डोकं शब्दांवरून प्रसंग उभा करतं आणि मग बहुतेक शब्द सोडून देतं. व्हॅन डाइक आणि किंच या संशोधकांनी १९८३ मध्ये या मनात उभ्या राहिलेल्या प्रसंगाचा मजकुरापासून वेगळा विचार मांडला.

त्याआधीचा, १९७२ चा ब्रान्सफर्ड आणि सहकाऱ्यांचा कासवांचा प्रयोग मला फार आवडतो. लोकांना ऐकवलं : तीन कासवं तरंगत्या ओंडक्यावर बसली होती आणि त्यांच्या खालून एक मासा पोहत गेला. नंतर 'मासा ओंडक्याखालून गेला' असं बदललेलं वाक्य दिलं, तर पुष्कळांना तेच ऐकल्यासारखं वाटलं. कासवं ओंडक्याशेजारी बसवली की हा घोटाळा होत नव्हता, कारण मग मासा ओंडक्याखालून गेलाच असं नाही.

माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी तिला रोज रात्री दिवाळी अंक वाचून दाखवायचो. पात्रांची नावं तिच्या कधी लक्षात राहिली नाहीत. एका कथेत बाई कंदील ओसरीवर ठेवून विहिरीकडे जाते. दोन पानांनी, विहिरीच्या काठावर, कंदील तिच्या हातात! आईने तिथेच अडवलं : "थांब रे. कंदील ओसरीवर ठेवला होता ना तिने?" मागे जाऊन पाहिलं, तर खरंच. लेखकाची चूक, आणि मोठ्याने वाचूनही मला पत्ता नाही.

१९८७ मध्ये ग्लेनबर्ग वगैरेंनी जवळपास हेच मोजलं होतं. गोष्टीतला माणूस स्वेटशर्ट घालून पळायला गेला, तर थोड्या वेळाने वाचकांना 'स्वेटशर्ट' हा शब्द चटकन ओळखता यायचा. काढून ठेवून गेला, तर जास्त वेळ लागायचा. वस्तू पात्राबरोबर आहे की मागे राहिली, याचा हिशेब आपण नकळत ठेवतो.

पण म्हणून डोक्यात सिनेमा चालतो असं समजू नका. उभा केलेला प्रसंग बराच अर्धवट असतो. गोष्टीला लागेल तेवढाच. मी मुद्दाम आईला विचारलं, ती बाई दिसायला कशी होती गं?

"मला काय माहीत? अंधार नव्हता का तिथे!"