चीजबर्गर पास्ता घरी करताना चीज फुटतं, सॉस मलईदार होत नाही. काय करावं?

चीज घालायच्या आधी गॅस बंद करा. उकळत्या सॉसमध्ये चीज घातलं की तेल वेगळं होतं आणि गुठळ्या राहतात.

चौघांसाठी २५० ग्रॅम मॅकरोनी, ४०० ग्रॅम खिमा पुरतो. अमेरिकेत हा गोमांसाचा करतात, चिकनचाही छान होतो. खिमा गरम कढईत पसरा आणि खालून तांबूस होईपर्यंत अजिबात हलवू नका, बर्गरची खमंग चव तिथेच येते. मग कांदा, लसूण, केचप, थोडा मस्टर्ड सॉस. कच्ची मॅकरोनी त्यातच, बुडेल इतक्या पाण्यात शिजवा. सुटलेल्या स्टार्चने सॉस दाट होतो. शेवटी अर्धा कप कोमट दूध, गॅस बंद, मग किसलेलं चीज. चेडरमध्ये थोडं प्रोसेस्ड चीज मिसळा, ते सहसा फुटत नाही. वरून व्हिनेगरमधली काकडी बारीक चिरून हवीच!