वर्टमध्ये टरफलं आली, तर गाळायचं की सोडून द्यायचं?

वाचकांचे प्रश्न : घरची बिअर

(या वेळचे तिन्ही प्रश्न परदेशातल्या मराठी वाचकांचे आहेत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, हे इथल्या वाचकांनी लक्षात ठेवावं.)

प्रश्न : माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवून झाला की तळाच्या नळातून वर्ट, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उकळायच्या भांड्यात घेतो. सोबत टरफलं आणि कण्या येतात. टरफलं उकळली की बिअर तुरट होते म्हणतात. एकूण एक कण वेचून काढायला हवा का? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : नाही. २० लिटर वर्टमध्ये चमचा-दोन चमचे टरफलं गेली तरी बिअर बिघडत नाही. टरफलात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं हे खरं, पण ते सुटायला नुसती उष्णता पुरत नाही, आम्लता कमी व्हावी लागते. वर्टचा पीएच (हा आकडा चढला की आम्लता कमी होते) साधारण ५.२ ते ५.५ असतो आणि तेवढ्यावर टॅनिन फारसं सुटत नाही. बोहेमिया आणि बव्हेरियातल्या जुन्या डिकॉक्शन पद्धतीत तर मॅशचा (गरम पाण्यात भिजलेल्या माल्टचा) एक भाग टरफलांसकट उकळतात, तरी ती बिअर तुरट लागत नाही.

तुरटपणा बहुतेक वेळा चोथा धुण्याच्या पाण्यातून येतो. चोथ्यावरून शेवटचं पाणी जातं तेव्हा साखर संपत आलेली असते आणि पीएच ६च्या जवळ चढतो. त्यात पाणी ७७ अंशांपेक्षा गरम असेल तर टॅनिन उतरतं. म्हणून पाणी ७५-७६ अंशांवर ठेवा आणि खाली येणाऱ्या वर्टची घनता १.०१०च्या खाली गेली की थांबा.

कण मूठभर येत असतील तर मात्र दुर्लक्ष करू नका. कण्यांना चिकटलेलं पीठ उकळताना शिजतं, पण त्याची साखर करणारी एन्झाइम्स तोवर मेलेली असतात. ते स्टार्च तसंच राहतं, बिअर गढूळ दिसते आणि जंतूंना आयतं खाद्य मिळतं.

यावर उपाय चाळणी नव्हे, चोथ्याचा थर. नळ अगदी थोडा उघडा. पहिलं वर्ट लिटरभराच्या जगमध्ये घ्या आणि परत वर ओता. ओतताना थरावर एक बशी पालथी ठेवा, म्हणजे धारेने खड्डा पडत नाही. असं तीन ते पाच लिटर फिरवलं की टरफलं यायची थांबतात. वर्ट थोडं धुरकट राहिलं तरी चालेल, तुम्हाला फक्त तुकडे थांबवायचे आहेत. एकदा थर बसला की पळी घालू नका. नळ एकदम पूर्ण उघडलात तर थर खाली ओढला जाऊन घट्ट बसतो आणि धारच बंद पडते.

एवढं करूनही कण येत राहिले तर भरड तपासा. मूठभर भरडलेला माल्ट तळहातावर पसरून बघा : टरफल फाटलेलं पण अखंड हवं, आतल्या दाण्याचे दोन-चार तुकडे झालेले हवेत, पीठ अगदी थोडं. घरच्या मिक्सरमध्ये हे कधीच साधत नाही, त्यात टरफलाचाही भुगा होतो. रोलरच्या गिरणीत फट १ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. भरडण्याआधी किलोला १५-२० मिलिलिटर पाणी फवारून, हाताने कालवून दहा मिनिटं ठेवलं तर टरफल चिवट होतं आणि सहसा तुटत नाही. पाणी याहून जास्त झालं तर रोलरला लगदा चिकटतो. गव्हाचा माल्ट निम्मा असेल तर धान्याच्या वजनाच्या ३ ते ५ टक्के भाताची फोलपटं मिसळा. गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे एरवी थर धरत नाही.

प्रश्न : मी पिशवीत माल्ट घालून विजेच्या भांड्यात मॅश करते. पिशवी उचलल्यावर तळाशी पिठाचा थर दिसतो. मागच्या वेळी बिअरला जळका वास आला. – एक वाचक, मेलबर्न

उत्तर : पिशवीत चोथ्याचा गाळणारा थर तयार होत नाही, म्हणून बारीक पीठ बाहेर येणारच. ते तापणाऱ्या कॉइलवर बसून करपतं आणि करपल्याचा वास नंतर कशानेही जात नाही. पिशवी आत असताना पूर्ण वॉटवर तापवू नका. उचलल्यावर तळ लाकडी उलथन्याने खरवडून ढवळा आणि उकळी फुटेपर्यंत ढवळत राहा. सैल विणीच्या मलमलीऐवजी पॉलिएस्टर व्हॉइलची पिशवी शिवून घ्या. पिशवी पिळायला हरकत नाही, तुरटपणा त्याने येत नाही.

प्रश्न : आंबवून झालेल्या बिअरमध्ये कण तरंगताहेत. बाटल्या भरण्याआधी फडक्यातून गाळू का? – एक वाचक, लीड्स

उत्तर : अजिबात नको. आंबलेली बिअर फडक्यातून पडताना हवा ओढून घेते आणि काही आठवड्यांत तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. भांडं दोन दिवस २-४ अंशांवर ठेवा, कण साक्यात बसतील. मग सायफनची नळी साक्याच्या वर धरून काढा आणि शेवटचं लिटरभर खुशाल सोडून द्या. कण बाटलीत गेले तर त्यांच्याभोवती वायूचे बुडबुडे जमतात आणि झाकण काढताच फेस उसळतो.

गाळायचंच असेल तर वर्ट २० अंशांपर्यंत थंड झाल्यावर, यीस्ट घालण्याआधी गाळा. तेव्हा यीस्टला प्राणवायू हवाच असतो. चाळणी मात्र निर्जंतुक द्रावणात बुडवून घेतलेली हवी. आणि ज्या खोलीत बिअर आंबते तिथे माल्ट भरडू नका. धान्याच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस हे जंतू असतात, त्यांनी बिअर आंबट होते.

बाटली भरायच्या नळीच्या टोकाची झडप थेंब-थेंब गळत असेल तर तिथेही बहुधा टरफलाचा तुकडाच अडकलेला असतो. टोक काढून कोमट पाण्यात चार-पाच वेळा दाबा, सुटेल.